डेबियन १२ वरून १३ वर जाताना: काय काढलं जाणार आहे ते आधी वाचा

डेबियन या लिनक्स सिस्टिमची १३ वी आवृत्ती, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. बुकवर्मवरून, म्हणजे १२ वरून, तिच्यावर जाण्यासाठी मुख्य कमांड्स जेमतेम तीन लागतात. तरी याच कामात सर्व्हर अडकून पडतात आणि खापर ॲप्टवर, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामवर, फुटतं. ॲप्ट बिचारं सांगितलं तेवढंच करत असतं. खरी अडचण मशीनवर आधीपासून साचलेल्या गोष्टींची असते. कधीतरी जोडलेली बाहेरची रेपॉझिटरी (पॅकेजांचं ऑनलाइन कोठार), हाताने बसवलेली डेब फाइल (एका पॅकेजची फाइल), होल्डवर ठेवून, म्हणजे वर जाण्यापासून रोखून, विसरून गेलेलं पॅकेज. त्यामुळे या लेखात अपग्रेडची कमांड बरीच उशिरा येते.

कमांड्स आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

पॅकेज नेमकं काय मागतं

«ॲप्ट शो एनजिनएक्स» असं विचारलं की त्या वेब-सर्व्हर पॅकेजची सगळी कुंडली समोर येते. त्यातली «डिपेंड्स» ही ओळ सक्तीची: तिथली पॅकेजेस नसतील तर हे पॅकेज चालू अवस्थेत येऊच शकत नाही. «प्री-डिपेंड्स» त्याहून कडक. तिथलं पॅकेज आधी पूर्ण बसून कॉन्फिगर झालेलं लागतं, मगच हे उघडलं जातं. «रेकमेंड्स» सक्तीचं नसलं तरी डेबियनमध्ये मुळात बसवलं जातं. «सजेस्ट्स»कडे ॲप्ट आपणहून लक्ष देत नाही.

अपग्रेडमध्ये गोंधळ घालतात त्या उलट्या दिशेच्या ओळी. «कॉन्फ्लिक्ट्स» म्हणजे आम्ही दोघं एका मशीनवर नांदणार नाही. «ब्रेक्स» म्हणजे माझ्यामुळे त्या पॅकेजचं अमुक जुनं व्हर्जन बिघडेल, तेव्हा त्याला आधी वर न्या नाहीतर काढा. «रिप्लेसेस» म्हणजे त्याच्या काही फाइली आता माझ्याकडे आल्या आहेत. «प्रोव्हाइड्स» म्हणजे अमुक नावाने कुणी हाक मारली तर मी ओ देईन.

व्हर्जनची तुलनाही सरळ आकड्यांची नसते. कोलनच्या आधीचा आकडा, ज्याला ईपॉक म्हणतात, सगळ्यांत आधी पाहिला जातो. म्हणून «१:१.०» हे «९.०» पेक्षा नवं ठरतं. टिल्ड हे चिन्ह उलट मागे ढकलतं: «२.०~आरसी१» हे «२.०» पेक्षा जुनं. बाहेरच्या रेपॉझिटरीने ईपॉक वाढवून ठेवला असेल तर डेबियनचं पॅकेज कितीही ताजं असलं तरी ॲप्टला ते जुनंच दिसतं आणि ते वर जातच नाही. शंका आली तर डीपीकेजीचं, म्हणजे ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामचं, «डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स» वापरून खात्री करता येते.

आता लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड. प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला एक एसओनेम, म्हणजे जुळणी ठरवणारं नाव, असतं, उदाहरणार्थ «लिबएसएसएल.एसओ.३». प्रोग्राम कंपाइल होतो तेव्हा हेच नाव त्याच्या पोटात लिहिलं जातं. हे प्लगच्या पिनांसारखं आहे: पिनांचा आकार तोच असेल तोवर मागची वायरिंग बदलली तरी चालतं, आकार बदलला की नवा सॉकेट लागतो. म्हणून डेबियनमध्ये हा आकडा पॅकेजच्या नावातच घालतात. «लिबएसएसएल१.१» आणि «लिबएसएसएल३» ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत, एकाची दोन व्हर्जन्स नव्हेत. डेबियन ११ मध्ये ओपनएसएसएल (हीच लायब्ररी देणारं एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर) १.१.१ होतं, १२ मध्ये ३.०. बाहेरून आणलेल्या ज्या डेब फाइलींना «लिबएसएसएल१.१»च हवं होतं, त्या १२ वर जाताना तिथेच अडल्या. जुन्या रेपॉझिटरीतून ती लायब्ररी आणून बसवता येते, पण मग तिचे सुरक्षा-अपडेट कोण देणार? असा उपाय करण्यापेक्षा त्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन शोधा किंवा त्याला कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वातावरणात, टाका.

टी६४ पाहून घाबरू नका

ट्रिक्सीवर जाताना काढायच्या पॅकेजांच्या यादीत «लिबएसएसएल३» दिसतं आणि लोक हादरतात. हे काढलं तर एसएसएच, कर्ल, सगळंच जाणार की! बसवायच्या यादीत मात्र «लिबएसएसएल३टी६४» दिसतं, आणि उत्तर तिथेच आहे.

युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. ही मोजणी चिन्हासकट ३२ बिटांत ठेवली तर १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर, आकडा संपतो. ६४-बिट मशीनवर हा प्रश्न आधीच सुटलेला आहे, पण एआरएमएचएफसारख्या ३२-बिट आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारावर, वेळेचा प्रकार ३२ वरून ६४ बिटांवर न्यावा लागला. तसं केलं की ज्या स्ट्रक्चरमध्ये वेळ आहे त्यांची लांबी बदलते. जुना प्रोग्राम आणि नवी लायब्ररी एकत्र आली तर चुकीच्या जागची मेमरी वाचली जाईल. एसओनेम तर तेच राहिलेलं, मग ॲप्टला हा फरक कळणार कसा? म्हणून शेकडो लायब्ररी पॅकेजांच्या नावाला टी६४ हे शेपूट जोडलं. अपवाद आय३८६ चा, म्हणजे जुन्या ३२-बिट पीसींचा: जुने ३२-बिट प्रोग्राम चालत राहावेत म्हणून तिथे वेळ ३२-बिटच ठेवली आहे.

एएमडी६४ वर, म्हणजे नेहमीच्या ६४-बिट पीसीवर, आतलं काहीच बदललेलं नाही, फक्त नाव. «लिबएसएसएल३टी६४» हे «प्रोव्हाइड्स»मधून जुन्या नावालाही ओ देतं, त्यामुळे «लिबएसएसएल३» मागणारं बाहेरचं पॅकेजही चालत राहतं. थोडक्यात, काढायच्या यादीत «अमुक» आणि बसवायच्या यादीत «अमुकटी६४» अशी जोडी जुळत असेल तर ती काढणी खरी काढणी नाही.

आधीची साफसफाई

बुकवर्म मधे वगळून ११ वरून थेट १३ वर उडी मारू नका. डेबियनला ते मान्य नाही, आणि पॅकेजांच्या आतल्या स्क्रिप्टा मागच्या एकाच रिलीजवरून वर येण्यासाठी तपासलेल्या असतात.

प्रथम बुकवर्म पूर्ण ताजी करा: «ॲप्ट अपडेट», मग «ॲप्ट फुल-अपग्रेड». एसएसएचवरून, म्हणजे दूरून लॉगिन करून, काम करणाऱ्यांनी तर हे मुळीच टाळू नये. ओपनएसएसएच जुनं ठेवून अपग्रेड सुरू केलं आणि मध्येच कनेक्शन तुटलं तर पुन्हा लॉगिन न होण्याचा धोका ट्रिक्सीच्या रिलीज नोट्समध्येच नोंदवलेला आहे.

त्यानंतर तीन गोष्टी तपासा. «डीपीकेजी --ऑडिट» चालवल्यावर काही छापून आलं तर एखादं पॅकेज अर्धवट बसलेलं आहे. ते आधी निस्तरा. «ॲप्ट-मार्क शोहोल्ड» होल्डवरची पॅकेजेस दाखवतं. आणि «ॲप्ट लिस्ट '?ऑब्सोलीट'» ही सगळ्यांत उपयोगी कमांड: मशीनवर आहे, पण चालू असलेल्या कुठल्याच रेपॉझिटरीत नाही, असं सगळं ती समोर मांडते. डेबियन १० च्या काळापासून राहिलेल्या लायब्ऱ्या इथे सापडतात. त्यातल्या प्रत्येकीवर कोण अवलंबून आहे ते «ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड» लावून पाहा आणि कुणी नसेल तर काढा. बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या रिलीजसाठी दिलेल्या नव्या व्हर्जनांतून, घेतलेली पॅकेजेसही एकदा डोळ्यांखालून घाला.

होल्ड ठेवावा की काढावा? जवळजवळ नेहमी काढावा. एका होल्ड केलेल्या पॅकेजला जुनीच लायब्ररी हवी असते, त्या लायब्ररीमुळे आणखी वीस पॅकेजेस मागे राहतात, आणि मग सॉल्व्हर, म्हणजे ॲप्टमधलं हे कोडं सोडवणारं यंत्र, त्यातून सुटण्यासाठी भलतंच काहीतरी काढायला सुचवतं.

बाहेरच्या रेपॉझिटरी तात्पुरत्या बंद करा. त्या «/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी» या डिरेक्टरीत असतात. «/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस» आणि तिच्या «.डी» डिरेक्टरीतली पिनिंगही, म्हणजे कोणत्या रिलीजला पसंती द्यायची ते नियम, पाहा. बुकवर्मला ९९० चा प्राधान्यक्रम देऊन ठेवलेली जुनी ओळ ट्रिक्सीचं अख्खं अपग्रेड मुकाट अडवू शकते.

बॅकअपमध्ये डेटा तर घ्यायचाच, शिवाय «/ईटीसी», «/व्हार/लिब/डीपीकेजी» आणि «/व्हार/लिब/ॲप्ट/एक्स्टेंडेड_स्टेट्स». ही शेवटची फाइल लहानशी असते, पण कोणतं पॅकेज तुम्ही मागितलं आणि कोणतं दुसऱ्याच्या मागोमाग आलं हे फक्त तिच्यातच लिहिलेलं असतं. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट घ्याच. डेबियनमध्ये मागे फिरण्याची, म्हणजे डाउनग्रेडची, सोय नाही. परतीचा रस्ता फक्त स्नॅपशॉट किंवा बॅकअप. एलव्हीएम (डिस्कची जागा विभागणारी लिनक्सची सोय) स्नॅपशॉटवर विसंबणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं «/बूट» वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते त्या स्नॅपशॉटमध्ये येत नाही.

जागेचं पाहा. ट्रिक्सीत कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि फर्मवेअर बरंच फुगलं आहे. रिलीज नोट्सचं सांगणं असं की «/बूट» निदान ७६८ एमबीचं असावं आणि त्यात साधारण ३०० एमबी मोकळे असावेत. जुन्या इन्स्टॉलेशनांत हे पार्टिशन यापेक्षा लहान असणं अगदी नेहमीचं आहे. जुनी कर्नल पॅकेजेस काढा, चालू असलेलं सोडून. ते «यूनेम -आर» सांगतं. त्याच वेळी «लिनक्स-इमेज-एएमडी६४» हे मेटापॅकेज, म्हणजे फक्त इतर पॅकेजेस ओढून आणणारं पॅकेज, बसलेलं आहे ना ते बघा. ते नसेल तर बाकी सगळं ट्रिक्सीचं होईल आणि कर्नल मात्र बुकवर्मचं ६.१ च राहील.

आता अपग्रेड

रेपॉझिटरींची यादी असलेल्या «सोर्सेस.लिस्ट»मध्ये बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी करा. «बुकवर्म-सिक्युरिटी» आणि «बुकवर्म-अपडेट्स» या ओळीही विसरू नका, बॅकपोर्ट्सची ओळ बंद ठेवा. मग टीमक्स किंवा स्क्रीन सुरू करा, म्हणजे नेट गेलं तरी काम चालू राहील. यूपीएस नसलेल्या मशीनवर पावसाळी संध्याकाळी हे काम काढू नये, एवढं सांगायला नकोच. «स्क्रिप्ट» कमांडने सगळं आउटपुट फाइलीत घेत राहिलात तर नंतर शोधाशोध वाचते.

«ॲप्ट अपडेट» झाल्यावर पहिला टप्पा: «ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज». यात नवं काही बसत नाही आणि काहीही काढलं जात नाही. जे जागच्या जागी वर जाऊ शकतं तेवढंच जातं. ट्रिक्सीच्या बाबतीत बरीच पॅकेजेस «केप्ट बॅक» म्हणून मागे राहतील, कारण त्यांना टी६४ नावाची नवी लायब्ररी हवी आणि नवं बसवायला आपण मनाई केली आहे. हे अपेक्षितच आहे. या टप्प्याचा हेतू एवढाच की पुढच्या मोठ्या उडीत सॉल्व्हरपुढचं कोडं लहान व्हावं. डिपेन्डन्सी, म्हणजे पॅकेजांच्या एकमेकांवरच्या गरजा, सोडवण्याचा प्रश्न गणिताच्या भाषेत एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे तो दर वेळी झटपट सोडवणारी पद्धत माहीत नाही. हजारो पॅकेजांत ॲप्टला एक चालणारं उत्तर सापडतं, ते तुमच्या मनातलं असेलच असं नाही.

दुसरा टप्पा «ॲप्ट फुल-अपग्रेड». याला पॅकेजेस काढण्याचीही मुभा आहे. म्हणून आधी «ॲप्ट -एस फुल-अपग्रेड» चालवून तालीम करा आणि आउटपुटमधल्या «आरईएमव्ही» ने सुरू होणाऱ्या ओळी ग्रेप या शोध-कमांडने वेगळ्या काढा. चहा घेत बसून सावकाश वाचायचं काही असेल तर ते हेच.

यादीत टी६४ च्या जोड्या दिसतील, त्या सोडा. «पायथन३.११» किंवा «पीएचपी८.२» या कुळातलं काही दिसेल, तेही बहुधा ठीक. ज्याच्या जागी काहीच येणार नाही असं नाव दिसलं तर मात्र थांबा. डेटाबेस सर्व्हर, डेस्कटॉपचं मेटापॅकेज, नेटवर्क सांभाळणारं पॅकेज, ओपनएसएसएच सर्व्हर यांपैकी काही दिसलं तर वाय दाबू नका. मेटापॅकेजचा घात तर दोन टप्प्यांत होतो: आज फक्त «टास्क-गनोम-डेस्कटॉप» जातं, काही बिघडल्यासारखं वाटत नाही, आणि महिन्याने कुणीतरी «ॲप्ट ऑटोरिमूव्ह» चालवलं की त्याच्या मागोमाग आलेलं बरंच काही आता अनाथ समजून काढलं जाऊ शकतं. जे हवंच आहे त्याला आताच «ॲप्ट-मार्क मॅन्युअल» करून ठेवा.

यादी न वाचण्याचा सगळ्यांत गाजलेला किस्सा नोव्हेंबर २०२१ चा. पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमिंग ॲप बसवताना एका मोठ्या यूट्यूब वाहिनीच्या मशीनवरून अख्खा डेस्कटॉप उडाला. स्टीमला ३२-बिट लायब्ऱ्या लागतात, आणि एकच लायब्ररी आय३८६ व एएमडी६४ अशी दोन्हींसाठी एकत्र ठेवायची तर दोघींचं व्हर्जन शब्दशः तेच असावं लागतं. ते जुळत नव्हतं. ॲप्टने सुचवलेल्या उत्तरात डेस्कटॉपची पॅकेजेस काढायची होती, इशाराही स्क्रीनवर होता, आणि «यस, डू ॲज आय से!» हे वाक्य अक्षरन्‌अक्षर टाइप करून परवानगी दिली गेली. त्यानंतर ॲप्टमधून ती वाक्य टाइप करण्याची पळवाटच काढून टाकली. यातली तांत्रिक अडचण आजही तशीच आहे: मशीनवर «डीपीकेजी --प्रिंट-फॉरेन-आर्किटेक्चर्स» केल्यावर आय३८६ दिसत असेल आणि त्याची गरज उरली नसेल, तर अपग्रेडच्या आधी ती पॅकेजेस काढलेली बरी.

मध्येच कॉन्फिग फाइलींबद्दल प्रश्न येतील. तुम्ही बदललेली फाइल आणि नव्या पॅकेजमधली फाइल वेगळी असली की डीपीकेजी थांबतं. वाय म्हणजे नवी घ्या, एन म्हणजे तुमची ठेवा, डी म्हणजे फरक दाखवा. नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते आणि नवी शेजारी «.डीपीकेजी-डिस्ट» नावाने ठेवली जाते. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचडीच्या फाइलीसाठी एन दाबणं शहाणपणाचं.

अडकलं तर

एररमधली शेवटची अर्धी ओळ वाचायला शिका, अर्धं निदान तिथेच होतं. «डिपेंड्स: लिबफू२ बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल» असेल तर त्या नावाचं पॅकेज कुठल्याच चालू रेपॉझिटरीत नाही. एकतर सोर्सची ओळ राहिली आहे किंवा मागणारं पॅकेज बाहेरचं आहे. «बट १.८ इज टू बी इन्स्टॉल्ड» असेल तर पॅकेज आहे, पण चुकीचं व्हर्जन निवडलं जातंय, होल्ड, पिनिंग किंवा ईपॉक यांपैकी एक कारण निघेल, आणि ते «ॲप्ट-कॅश पॉलिसी लिबफू२» दाखवेल. «बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड» असेल तर मूळ कारण एक पायरी खाली आहे. मग तेच पॅकेज एकट्याने बसवून पाहायचं, पुढची एरर येते, असं खाली उतरत जायचं. ॲप्टिट्यूडचं «व्हाय-नॉट» हीच उतरंड एका दमात दाखवतं.

काम मध्येच बंद पडलं तर क्रम ठरलेला: «डीपीकेजी --कॉन्फिगर -ए», मग «ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल», मग पुन्हा फुल-अपग्रेड. «/बूट» भरल्यामुळे अडलं असेल तर आधी जुनं कर्नल काढून जागा करा, नाहीतर इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटसाठी लागणारी फाइल बनवणं, दर वेळी तिथेच फसेल.

«ट्राइंग टू ओव्हरराइट» अशी एरर म्हणजे एकच फाइल दोन पॅकेजांत आहे. दोन्ही डेबियनची असतील तर तो बग. एक बाहेरचं असेल तर ते काढा आणि पुढे चला. «--फोर्स-ओव्हरराइट» हा नाइलाजाचा उपाय आहे. «--फोर्स-डिपेंड्स» आणि «--फोर्स-ऑल» यांना हात लावू नका: त्यांनी गाठ सुटत नाही, फक्त डीपीकेजीच्या नोंदी खोट्या होतात आणि पुढची प्रत्येक कमांड त्या खोट्या नोंदींवर चालते.

नावातच व्हर्जन असलेली पॅकेजेस

डिपेन्डन्सी सगळ्या सुटल्या, ॲप्ट खूश आहे, तरी वेबसाइट ५०२ ही एरर दाखवते. हा प्रकार पीएचपीचा. बुकवर्ममध्ये ८.२, ट्रिक्सीत ८.४. «पीएचपी८.४-एफपीएम» हे वेगळं पॅकेज असल्याने त्याचं सॉकेट (वेब-सर्व्हरशी बोलण्याचं दार) «/रन/पीएचपी/पीएचपी८.४-एफपीएम.सॉक» इथे तयार होतं, आणि एनजिनएक्स अजून ८.२ च्या दारावर टकटक करत असतं. «/ईटीसी/पीएचपी/८.२» मधल्या तुमच्या मेमरी-लिमिट वगैरे सेटिंग्जही आपोआप ८.४ कडे येत नाहीत. अपाचीचं मॉड्यूल वापरत असाल तर जुनं ए२डिसमॉडने बंद करून नवं ए२एनमॉडने चालू करा.

पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर १५ वरून १७ वर जातं, पण डेटा जात नाही. «पीजी_एलएसक्लस्टर्स» केलं की १५/मेन आणि नवाच तयार झालेला रिकामा १७/मेन असे दोन क्लस्टर, म्हणजे डेटाबेसचे संच, दिसतात. १७ खरोखर रिकामा आहे याची खात्री करून तो «पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १७ मेन» ने काढा, मग «पीजी_अपग्रेडक्लस्टर १५ मेन». मूळ पद्धत डंप घेऊन पुन्हा भरण्याची आहे, त्यामुळे डेटाइतकीच आणखी जागा लागते. हे होऊन तपासून होईपर्यंत «ॲप्ट पर्ज '?ऑब्सोलीट'» अजिबात नको, कारण «पोस्टग्रेएसक्यूएल-१५» आता त्याच यादीत बसलेलं असतं. मारियाडीबी (दुसरा डेटाबेस) १०.११ वरून ११.८ वर जाते; तिला अपग्रेडआधी नीट बंद करा, क्रॅश झालेल्या अवस्थेतून वर नेऊ नका.

पायथन ३.११ चं ३.१३ होतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधली (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या मॉड्यूल-संचातली) पायथनची लिंक «/यूएसआर/बिन/पायथन३» कडे असते, ती आता ३.१३ उघडते, आणि मॉड्यूल्स मात्र «लिब/पायथन३.११» मध्ये पडून. सगळं «मॉड्यूल नॉट फाउंड». आधीच «पिप फ्रीझ» करून यादी ठेवा आणि एन्व्हायर्नमेंट नव्याने बांधा. डिस्टयूटिल्स ३.१२ मध्येच गेलं, सीजीआय आणि टेलनेटलिब ३.१३ मध्ये, जुन्या स्क्रिप्टा त्यावर अडखळतील.

इतर सिस्टिम्सवर तत्त्व हेच, तऱ्हा वेगळी. फेडोराचं «डीएनएफ सिस्टिम-अपग्रेड» सगळ्या डिपेन्डन्सी आधी सोडवून, डाउनलोड करून, मग रीबूटमध्ये बसवतं. आर्चवर अर्धवट अपग्रेड मान्यच नाही: «पॅकमन -एसवाय» करून एकच पॅकेज बसवणं म्हणजे नव्या लायब्ररीवर जुने प्रोग्राम सोडणं. फ्रीबीएसडीत मूळ सिस्टिम आणि पॅकेजेस वेगळी असतात. मोठं व्हर्जन बदलल्यावर «पीकेजी» स्वतःच चालत नसेल तर «पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ» वापरायचं.

रीबूटनंतर «सिस्टिमसीटीएल --फेल्ड» पाहा. मग «/ईटीसी» मध्ये «.डीपीकेजी-डिस्ट» आणि «.डीपीकेजी-ओल्ड» फाइली शोधून फरक तुमच्या फाइलींत जुळवून घ्या. «/ईटीसी/सिसीटीएल.कॉन्फ» मधल्या सेटिंग्ज ट्रिक्सीत सिस्टिमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) वाचत नाही, त्या «/ईटीसी/सिसीटीएल.डी» मध्ये हलवा. बाहेरच्या रेपॉझिटरी एकेक करून चालू करा, प्रत्येकीने ट्रिक्सीसाठी पॅकेजेस दिली आहेत का ते पाहून, आणि दर वेळी «ॲप्ट -एस फुल-अपग्रेड» करून. ऑटोरिमूव्ह सगळ्यांत शेवटी, आणि त्याचीही यादी वाचून.